वजनाच्या नोंदीनंतर बऱ्याच उशिरा आलेली तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट द्यायची असते. साताऱ्याच्या गावांतही हीच पद्धत. पोराचा विकास वयाप्रमाणे होतोय का हे कळावं म्हणून डॉक्टर त्याला मागून हाक मारून बघतात, चालायला लावतात, काय काय बोलतं ते आईला विचारतात. ‘वजन चांगलं भरलंय की, मग आणखी काय बघायचं?’ हा प्रश्न तेव्हा घरच्यांना पडतो आणि तो अगदी साहजिक आहे. तपासणी म्हणजे वजन, हे सरकारी व्यवस्थेनेच जवळपास चार दशकं लोकांच्या मनावर ठसवलं.

त्याआधी घरात आजीची नजर होती. मान धरली का, पालथं पडलं का, रांगतंय का, मग पांगुळगाडा. ही नजर बारीक होती, पण कुठवर थांबायचं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ‘त्याचा बापही उशिराच बोलला,’ एवढ्यावर विषय मिटायचा. कमी ऐकू येणाऱ्या मुलांची मोलाची वर्षं यात गेली, याचं फार वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. कुपोषणाने मुलं दगावत होती, त्यामुळे आधी वजनाचा काटा आला हे योग्यच झालं. वजनाचा तक्ता आईच्या हाती देण्याची कल्पना डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी नायजेरियातल्या एका खेड्यात रुजवली होती. आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये वजनावरून ठरवलेल्या कुपोषणाच्या श्रेणी वापरात आल्या आणि सेविकांच्या बोलण्यात ‘तिसऱ्या श्रेणीतलं मूल’ रुळलं. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानकं २००८ मध्ये स्वीकारल्यावर या श्रेणी मागे पडल्या.

वाढीच्या टप्प्यांचं शास्त्र तोवर तयार नव्हतं असं नाही. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासमापन चाचणी १९७० मध्येच सिद्ध केली होती. पण तिला साहित्याची पेटी लागे, प्रशिक्षित माणूस लागे, वेळ लागे. ती अंगणवाडीपर्यंत कशी पोचणार? १९९१ मध्ये त्रिवेंद्रममध्ये दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी १७ बाबींचा सोपा तक्ता झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातून, ज्यात भारतातली मुलंही होती, आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने असं विस्तृत निघालं. शंभरातली चारेक मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी ती निरोगी होती. शेजारचं पोर दहाव्या महिन्यात चाललं म्हणून झुरणाऱ्या आयांना हे कोणीतरी सांगायला हवं.

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा जन्मजात दोष, कमतरता आणि आजार यांच्या बरोबरीने विकासातला उशीर हाही तपासणीचा विषय ठरला. पुढे २०१८ पासून आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला ठरल्या.

कराड भागात मात्र एक अडचण उरतेच. उसाच्या हंगामात बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांची मुलं फडावर असतात आणि त्यांची नावं गावाकडच्या रजिस्टरात. गाळप सुरू झालं की पथकाची एक फेरी थेट त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, व्हायला हवी, आणि बाळाचं कार्ड आईने सोबत आणावं हे मुकादमाकरवी निघण्याआधीच कळवायला हवं.