लाकडी पेन भेट द्यायचंय? आधी किट नीट बघा

घरच्या लेथवर स्वतः कातलेलं पेन कुणाला द्यायचं ठरलं की सगळा जीव लाकडात अडकतो. आजोळच्या पाळण्याचा दांडा, वाडा पाडताना निघालेलं सागाचं खांड, परसातल्या फणसाची फांदी. किट, म्हणजे लाकडाला जोडायचे टोक, क्लिप, नळी असे पेनाचे तयार सुटे भाग, मात्र शेवटी, किंमत बघून उचललं जातं. पण ते पेन रोज खिशाला लागणार की शोकेसमध्ये पडून राहणार, हे बरंचसं किटवर ठरतं.

आधी रिफिल विचारा. सगळ्यांत स्वस्त किट म्हणजे स्लिमलाइन. त्यात क्रॉस कंपनीच्या पद्धतीची बारीक रिफिल आट्यांनी बसते आणि ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत सहसा मिळत नाही. रिफिल संपली की पेन बंद. पार्कर पद्धतीची रिफिल बहुतेक ठिकाणी मिळते, तिच्यात शाई जास्त मावते, जेलचाही पर्याय असतो. भेट रोज लिहिणाऱ्या माणसासाठी असेल, तर चार पैसे जास्त पडले तरी पार्कर रिफिलचंच किट घ्या.

आता त्या पाळण्याच्या दांड्याकडे येऊ. स्लिमलाइनला ७ मिमीचं भोक पाडून पितळी नळी चिकटवतात. कातून झाल्यावर टोकांशी नळीवर लाकूड उरतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. जुन्या लाकडात खिळ्यांची भोकं असतात, केसासारख्या चिरा असतात. इतक्या पातळ थरात ते तडकतं, आणि दुसरा तुकडा तर नसतोच. अशा लाकडाला ‘सिगार’सारखं जाड किट द्या. ‘सिएरा’ नावाच्या किटला एकच नळी असल्यामुळे मधे लाकडाच्या रेषा जुळवायची कटकट नाही. नवख्यांना आम्ही तेच सुचवतो. भोक पाडताना ड्रिल वरचेवर बाहेर काढून थंड होऊ द्या. तापलं की लाकूड आतून फाटतं.

मुलाम्याचं थोडक्यात: पाकिटावर ‘२४ कॅरेट’ वाचून हुरळू नका. शुद्ध सोनं मऊ, त्यात थर अगदी पातळ. बोटं लागतात तिथे आणि क्लिपवर तो आधी उडतो. सोनेरीच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा मागा. नाहीतर क्रोम. घामाच्या हाताला आणि कोकणातल्या दमट हवेला तो चांगला पुरतो.

निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाईचं पेन द्यावंसं वाटतं, ते शोभतंही. तेव्हा दोन गोष्टी बघा: टोपणाचे आटे धातूचे आहेत का, आणि सोबतचा कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी पेनातली नळी) सर्रास मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापाचा आहे का. निब बारीक घ्या. जाड निबने बारीक अक्षरातली देवनागरी जोडाक्षरं गिचमिड होतात, असं आमचं मत. ज्यांना शाई भरायचा कंटाळा आहे त्यांना मात्र हे पेन देऊच नका.

दुकानात आलात की फिरवून उघडायची यंत्रणा दोन-चार वेळा फिरवून बघा. खरखर किंवा ढिलेपणा जाणवला तर दुसरी मागा. शक्य असेल तर ती व्यक्ती सध्या वापरते तसं पेन सोबत आणा, म्हणजे जाडी आणि वजन जुळवता येईल. प्रत्येक किटचे बुशिंग (लाकूड किती जाडीपर्यंत कातायचं ते दाखवणाऱ्या कड्या) वेगळे असतात, ते किटसोबतच घ्या.

किट पसंत पडलं नाही तर नळी चिकटवण्याआधी आणा, बदलून देऊ. चिकटवल्यावर बदलता येणार नाही.