पादचारी रस्त्याच्या कडेला कसा गेला

रुंद पदपथ, सुरक्षित क्रॉसिंग, सिग्नलला पुरेसा वेळ या पादचाऱ्यांच्या मागण्या नव्या सोयींसाठी असाव्यात असं वाटतं. खरं तर त्या हातातून गेलेल्या जागेबद्दल आहेत. मोटार येण्याआधी शहरातल्या रस्त्यावर माणसं मधोमध चालत, मुलं तिथेच खेळत, आणि माणूस दिसला की लगाम खेचायची जबाबदारी गाडीवानाची असे. पदपथ तेव्हाही होते, अगदी प्राचीन पॉम्पेईतही उंच पदपथ आणि रस्ता ओलांडायला मोठे दगड सापडले आहेत. पण ते चिखल आणि घाण चुकवायला होते. पदपथाबाहेर पाऊल टाकणं हा गुन्हा नव्हता.

तो गुन्हा ठरला विसाव्या शतकात, तोही फार थोड्या वर्षांत. 1923 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सुमारे 42,000 लोकांनी एका अर्जावर सह्या केल्या. शहरातल्या प्रत्येक मोटारीला ताशी 25 मैलांपुढे (सुमारे 40 किलोमीटर) जाऊच न देणारं यंत्र बसवा, अशी त्यांची मागणी होती. मोटारविक्रेते खडबडून जागे झाले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात प्रस्ताव पडला. त्यानंतर मोटार उद्योगाने वेगावरचं बोट पायी चालणाऱ्याकडे वळवायचा चंगच बांधला. ‘जेवॉकर’ हा शब्द याच सुमारास रुळला. ‘जे’ म्हणजे गावंढळ, शहरात कसं वागावं हे न कळणारा. आधी टिंगल आणि मागून कायदा, असा हा क्रम. 1925 मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांवर निर्बंध घालणारे नियम केले आणि इतर शहरांनी ती वाट धरली.

ब्रिटनमध्ये 1929 साली पादचाऱ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. ‘लिव्हिंग स्ट्रीट्स’ या नावाने ती आजही काम करते. त्यानंतरच्याच वर्षी तिथे मोटारींची वेगमर्यादा रद्द झाली! 1934 मध्ये रस्त्यांवर 7,000 हून अधिक माणसं मेली, तेव्हा सरकार हललं. वस्तीत वेगमर्यादा परत आली, आता ताशी 30 मैलांची, आणि परिवहन मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या नावाने ओळखले जाणारे नारिंगी गोळ्यांचे खांब क्रॉसिंगवर लागले. झेब्राचे पट्टे आले 1951 मध्ये. क्रॉसिंगने पादचाऱ्याला हक्काची जागा दिली हे खरं, पण ‘ओलांडायचं तर इथेच’ हेही त्यातूनच पक्कं झालं.

कॉलिन ब्युकॅनन यांच्या 1963 च्या सरकारी अहवालाने माणसं आणि वाहनं वेगळी करण्याचा विचार मांडला. वस्तीला किती वाहतूक झेपते याची मर्यादा पाळा, असंही त्यात बजावलं होतं. नियोजनकारांनी यातला सोयीचा अर्धा भाग उचलला: भुयारी मार्ग आणि पादचारी पूल. म्हणजे गाडी सपाटीवरून जाणार आणि जिने चढणार तो चालणारा.

याला खरा धक्का दिला नेदरलँड्सने. 1971 या एका वर्षात तिथे वाहतुकीत सुमारे 3,300 माणसं गेली. त्यांत 400 हून अधिक मुलं होती. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि तेच चळवळीचं नाव झालं. ‘अपघात’ऐवजी ‘हत्या’ म्हणणं अनेकांना खटकलं असेल, पण दोष कुणाचा हा प्रश्न त्या एका शब्दाने पुन्हा उघडला. लोकांनी रस्ते अडवून मुलांना खेळायला मोकळे करून दिले. डेल्फ्टमध्ये रहिवाशांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या ‘वूनएर्फ’ला 1976 मध्ये कायद्याची मान्यता मिळाली: रस्त्याची पूर्ण रुंदी चालणाऱ्याची, आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं.

कोपनहेगनने 1962 मध्येच मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद केला होता. 1967 मध्ये जपानच्या ओकायामात अंधांसाठी उंचवट्यांच्या फरशा बसल्या. 1997 मध्ये स्वीडनच्या संसदेने रस्त्यावर एकही मृत्यू वा गंभीर इजा नको हे उद्दिष्ट स्वीकारलं आणि चालणाऱ्या-चालवणाऱ्यांच्या चुका गृहीत धरूनच रस्ता आखायची जबाबदारी यंत्रणेवर टाकली.

तरी खरी झुंज अनेकदा अशा आकड्यांवर होते, जे कुणाच्या नजरेतही येत नाहीत. अमेरिकेत सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 4 फूट चालतो असं धरत. 2009 मध्ये ते साडेतीन फूट झालं. साठ फुटी रस्त्यावर या अर्ध्या फुटाने म्हाताऱ्या माणसाला सुमारे दोन सेकंद जास्त मिळतात.