इंटरनेट-अभ्यासकांची स्वयंसेवी संघटना (ठाणे–नवी मुंबई)

इंटरनेटचा आणि त्यावर वावरणाऱ्या माणसांचा अभ्यास करणाऱ्यांनी आपल्या सवडीच्या वेळात, पगार न घेता चालवलेली विद्वत्संस्था. समाजशास्त्र, भाषाशास्त्र, माध्यमविद्या, कायदा, संगणकशास्त्र अशा निरनिराळ्या घरांतून तिचे सभासद येतात. विद्यापीठाच्या कोणत्याही एका विभागात ही माणसे मावत नाहीत, म्हणून त्यांना संघटना लागते. परिषद भरवणे, निबंधांचे परीक्षण करणे, अभ्यास करताना काय करावे आणि काय करू नये याविषयी मार्गदर्शन करणे आणि नव्या अभ्यासकाला हात देणे ही तिची नेहमीची कामे. या कामांइतकेच महत्त्वाचे, पण फारसे कोणी न बोललेले काम म्हणजे संस्था एका कार्यकारिणीच्या हातून दुसरीच्या हाती नीट सोपवणे.

या क्षेत्रातली सर्वांत परिचित संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स. ती १९९९ साली अमेरिकेत स्थापन झाली. स्टीव्ह जोन्स हे तिचे पहिले अध्यक्ष. पहिली परिषद सप्टेंबर २००० मध्ये कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे भरली आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे तिला ‘१.०’ असा क्रमांक दिला गेला. त्यानंतर परिषद दरवर्षी वेगळ्या गावी जाते: २००२ साली मास्ट्रिख्ट, २००६ साली ब्रिस्बेन, २०१४ साली दक्षिण कोरियातील देगू, २०२५ साली ब्राझीलमधील नितेरॉय. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची परिषद ऑनलाइन घ्यावी लागली. कार्यकारिणी दोन वर्षांसाठी निवडली जाते आणि संशोधक विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी तिच्यात असतोच. या संस्थेची आपल्याकडे उचलण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. तिचा उपाध्यक्ष पुढच्या खेपेला अध्यक्ष होतो आणि मावळता अध्यक्ष लगेच घरी न जाता कार्यकारिणीत बसतो. म्हणजे येणारा, असलेला आणि जाणारा असे तिघे एकाच टेबलाशी असतात. संस्थेची आठवण कपाटात राहत नाही, माणसांत राहते, हे त्या घटनाकारांनी ओळखले होते.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही विद्यापीठाबाहेरच. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची. तिचे विभाग गावोगावच्या शिक्षक-अभियंत्यांनी फावल्या वेळात चालवले. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा त्याच परंपरेचा इंटरनेटवरचा वंशज मानायला हरकत नाही. ठाण्यात तर व्याख्यानमाला, वाचनालय, संगीत मंडळ अशा कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या कार्यकारिणीवर घरातले कोणीतरी असतेच. इतिवृत्त, सूचक, अनुमोदक, गणपूर्ती, आजीव सभासद हे शब्द इथल्या पोरांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. इंटरनेटच्या अभ्यासकांनी आपली संस्था याच शब्दांत बांधावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे.

अभ्यासाचे विषय शोधायला इथे लांब जावे लागत नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रासायनिक कारखाने होते. आज ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांना लागणारी वीज, पाणी आणि जमीन हा इंटरनेटच्या अभ्यासाचाच भाग आहे. त्याच पट्ट्यातल्या गावांतून आगरी-कोळी गाणी यूट्यूबवर जातात आणि लग्नाच्या हळदीला परत गावात वाजतात. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी बेलापूरला सिडको भवनावर हजारो भूमिपुत्र जमले. त्या दिवसाचा इतिहास लिहायचा तर मोबाइलमधले व्हिडिओ आणि स्टेटस वगळून चालणार नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचा व्हॉट्सअॅप ग्रुप पाहिला तरी पाण्याचा टँकर, पार्किंग, भटकी कुत्री आणि निवडणूक या चार विषयांवर एका प्रबंधापुरती सामग्री मिळेल.

अभ्यासाची नीती

सामग्री मिळाली म्हणजे ती वापरायची मुभा मिळाली असे नाही, आणि अशी संघटना असण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२, २०१२ आणि २०१९ साली अशी तीन वेळा नीतिविषयक मार्गदर्शिका काढली. तिच्यात ‘हे करा, ते करू नका’ अशी यादी नाही. अभ्यासकाने टप्प्याटप्प्याला स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत. लिहिणाऱ्याला हे जाहीर वाटत होते की खासगी? आपल्या लेखनामुळे त्याला कोणता धोका पोहोचेल? तो अल्पवयीन आहे का?

हे प्रश्न मराठीत विचारले की त्यांना निराळी धार येते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने विमानतळाच्या आंदोलनावर निबंध लिहिला आणि एका तरुणाची पोस्ट जशीच्या तशी उद्धृत केली, नाव गाळून. प्रमाण मराठीतले वाक्य लाखो वाक्यांत हरवून जाऊ शकते. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करून, आगरी वळणाने लिहिलेली ओळ मात्र शोधपट्टीत टाकली की बहुधा थेट त्याच माणसाच्या दारात नेऊन उभी करते. गावातल्यांना तर शोधावेही लागत नाही. बोलण्याच्या ढबीवरून ते लिहिणारा ओळखतात. नाव गाळणे म्हणजे ओळख झाकणे नव्हे. अशा वेळी आशय आपल्या शब्दांत सांगणे, दोन-तीन पोस्ट मिळून एक नमुना रचणे आणि तसे केल्याचे वाचकाला कळवणे, किंवा सरळ त्या तरुणाला फोन करून विचारणे हे मार्ग आहेत. शेवटचा सर्वांत चांगला. विचारले तर पुष्कळ जण ‘माझं नाव टाका’ म्हणतात, आणि तेव्हा नाव गाळणे हा त्यांच्यावर अन्याय ठरतो.

गृहसंकुलाच्या ग्रुपचा प्रश्न आणखी अवघड. अभ्यासक स्वतः तिथला रहिवासी असतो, म्हणून तर तो ग्रुपमध्ये आहे. शेजारणीने ‘आमच्याकडे दोन दिवस पाणी नाही’ असे लिहिले ते शेजाऱ्यासाठी, संशोधकासाठी नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे. मात्र त्या माहितीच्या आधारे कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची. कायद्याने सूट दिली तरी शेजारधर्माने ती मिळत नाही. संघटनेने तीन जणांची छोटी नीती-समिती नेमावी. विद्यार्थ्याने काम सुरू करण्याआधी तिच्यासमोर बसावे आणि तिने परवानगीचा शिक्का मारण्याऐवजी त्याच्याशी तासभर बोलावे. लहान महाविद्यालयात असे विचारायला कोणी नसते. ती उणीव स्वयंसेवी संघटनाच भरून काढू शकते.

नोंदणी

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात शैक्षणिक हेतूची अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते, आणि दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात. घटना व नियमावली, सातही जणांची ओळखपत्रे, कार्यालय म्हणून दिलेल्या घराच्या मालकाचे ना हरकत पत्र आणि त्या घराचे विजेचे बिल अशी कागदांची जुळणी करावी लागते. पत्ता कोणाच्या घरचा द्यायचा याचा विचार आधी करावा. वाशी, नेरूळ, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. एका खाडीपुलाच्या अंतराने कार्यालय बदलते. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याची वाट धरावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. लहान संस्थेने या वाटेला जाऊ नये; वर्गणी आणि परिषदेचे शुल्क यांवर भागवावे.

बैठक

कार्यकारिणीतले निम्मे लोक ठाण्याचे, निम्मे नवी मुंबईचे. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग २००४ साली सुरू झाला नसता, तर अशी जोडसंस्था चालवणे कठीणच होते. बैठक रविवारी दुपारी चारला ऐरोलीत ठेवावी, दोघांनाही सारखेच पडते. तारीख कळवण्याआधी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहावे. ऑनलाइन बैठक सोयीची खरी, पण हिशेब आणि मतभेद या दोन गोष्टी समोरासमोर बसूनच मिटतात.

बैठकीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे इतिवृत्ताची वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, पानांवर आधीच क्रमांक घातलेली. तिच्यातली चांगली नोंद अशी असते: ‘विषय क्र. ३. संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण. दोन वर्षांसाठी करावे असे ठरले. जबाबदारी: सहचिटणीस. मुदत: दिवाळीपूर्वी. सर्वानुमते मंजूर.’ ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढेच लिहिलेली नोंद कोणाच्याच कामी येत नाही. काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी नसल्या तर पुढच्या बैठकीत तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून होते, आणि स्वयंसेवक थकतो तो कामाने नाही, या फेऱ्यांनी.

परिषदेविषयी थोडक्यात: महाविद्यालयाचे सभागृह शनिवार-रविवार मिळते, उपाहारगृहाशी बोलणी आधी करावीत, निबंधाचा प्रत्येक सारांश लेखकाचे नाव झाकून दोघांनी वाचावा. नाकारलेल्या सारांशाबरोबर चार ओळींचा अभिप्राय जायलाच हवा. मराठीतून निबंध वाचणाऱ्याला इंग्रजी सत्राच्या शेवटी दहा मिनिटे देण्याची पद्धत मोडावी. त्याला स्वतंत्र सत्र द्यावे.

काम कोणाच्या गळ्यात पडते, हेही पाहायला हवे. तासिका तत्त्वावर शिकवणारी प्राध्यापिका, पीएचडी करणारा मुलगा, यांनीच नावनोंदणीच्या टेबलावर बसायचे, परीक्षकांना आठवणीचे निरोप पाठवायचे, पाहुण्यांना ठाणे स्टेशनवर घ्यायला जायचे. आणि व्यासपीठावर ज्यांची नावे वाचली जातात ती वेगळीच. ज्याला तासावर पैसे मिळतात, त्याचा फुकट दिलेला तास कायम नोकरीतल्या माणसाच्या तासापेक्षा महाग असतो. प्रवासखर्च आणि जेवण संस्थेने द्यावे, केलेल्या कामाचे नाव-निशीवार पत्र द्यावे आणि कोणी किती तास दिले ते वार्षिक अहवालात छापावे. वर्गणीची पै न् पै छापतो, तर वेळ का छापू नये?

हस्तांतर

बहुतेक स्वयंसेवी संस्था भांडणाने मोडत नाहीत, चिटणीस बदलताना विस्कटतात. नोंदकार ज्या अभ्यासमंडळात होता, तिथे कोषाध्यक्ष नोकरीनिमित्त गाव सोडून गेले. बँकेचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि तो क्रमांक त्यांनी बदललेला. बँकेने नव्या सह्यांसाठी विश्वस्तांची अद्ययावत नावे असलेले परिशिष्ट मागितले. परिशिष्टावर जुनीच नावे होती, कारण बदल अर्ज कोणी दाखलच केला नव्हता. मंडळाच्या खात्यात पैसे होते आणि सभागृहाचे भाडे तिघांनी खिशातून भरले. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपत असल्याची सूचनाही माजी चिटणिसांच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली. इंटरनेटच्या स्मृतीवर निबंध वाचणारी माणसे होती आम्ही, आणि आमची स्वतःची बारा वर्षांची छायाचित्रे आणि सारांश एका रात्रीत दिसेनासे झाले. त्यांतले बरेचसे पुढे एका सभासदाच्या जुन्या पेनड्राइव्हमधून परत मिळाले.

विश्वस्तांत झालेला बदल कायद्याने ९० दिवसांत कळवायचा असतो. वकील याला चेंज रिपोर्ट म्हणतात. वार्षिक सर्वसाधारण सभा संपली की त्याच आठवड्यात तो अर्ज तयार करावा. सह्या करणारे सगळे तेव्हा जागेवर असतात. ईमेल व्यक्तीच्या नावाने नको, पदाच्या नावाने हवा. बँकेला जोडलेला मोबाइल संस्थेचा हवा. संकेतशब्द बंद पाकिटात, दोघांच्या सहीने, दरवर्षी बदलून ठेवावेत. आणि मावळत्या चिटणिसाने सहा महिने सहचिटणीस म्हणून राहावे, असे घटनेतच लिहावे.

हस्तांतराला एक आख्खी दुपार द्यावी. टेबलावर इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तके, गोल शिक्का, चेकबुक, नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र, सभासदांची यादी आणि ते बंद पाकीट मांडावे. एकेक वस्तू उचलून तिचा इतिहास सांगावा: हा शिक्का दुसरा, पहिला परिषदेत हरवला, या यादीतले अमुक सभासद वारले, त्यांच्या मुलीला अजूनही आमंत्रण जाते. नव्या चिटणिसाने वहीतले शेवटचे पान मोठ्याने वाचावे, अडेल तिथे विचारावे, आणि दोघांनी त्याच पानाखाली तारीख घालून सह्या कराव्यात.