जामीन मंजूर, पण सुटका नाही: ऐपतीचा दाखला आणि जीपीएसची अट

जामीन मंजूर झाला की माणूस संध्याकाळी घरी येईल, असं घरच्यांना वाटतं. गाडी अडते ती जामीनदारापाशी. आधार, रेशन कार्ड, फोटो लगेच जमतात. ऐपतीचा दाखला, म्हणजे जामीनदाराकडे पुरेशी मालमत्ता आहे असं सांगणारा कागद, मात्र क्वचितच कुणाकडे असतो. सातबारा घेऊन येतात, तर त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, वारसनोंद झालेलीच नसते. कागद परत, आणि मुलगा आतच. बाहेरगावाहून कामाला आलेल्याला तर स्थानिक जामीनदार आणायचा कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला यावर निर्देश दिलेत. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. इथे हमखास गैरसमज होतो: म्हणजे महिनाभर थांबायचं, असं नाही. अट शिथिल करण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या. त्यात स्थानिक जामीनदाराची अट काढावी आणि कागद जमेपर्यंत तात्पुरता जामीन द्यावा, असं स्पष्ट मागा. निर्देशांत या दोन्हींचा उल्लेख आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत आणि घरची परिस्थिती सांगणारं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. वकील परवडत नसेल तर प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो.

आता ट्रॅकरविषयी. जम्मू-काश्मीरमध्ये 2023 पासून जामिनावरच्या काही आरोपींच्या पायात जीपीएस पट्टा घालतात. त्याच वर्षीच्या केंद्राच्या आदर्श कारागृह कायद्यातही कैद्याच्या रजेसाठी अशी अट सुचवली आहे. तुरुंगातली गर्दी कमी होईल, हा त्यामागचा युक्तिवाद, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण 8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने गूगल मॅपवर पिन टाकून ठावठिकाणा कळवण्याची अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट खासगीपणाच्या हक्कात बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणून कळकळीने सांगते, सुटकेच्या घाईत "लोकेशन चालू ठेवीन" असं हमीपत्र लिहून देऊ नका. आधी वकिलाला हा निकाल दाखवा. फोनची बॅटरी संपली, गावात रेंज गेली, की अटभंगाचा ठपका येतो आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो. ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरीची तयारी दाखवा, आणि सही केल्याची नोंद प्रत्येक वेळी वहीत तारखेसह ठेवा.