व्हिडिओ साहाय्यक पंच (व्हीएआर)

फुटबॉलच्या सामन्यातील निर्णायक घटना अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून तपासून मैदानावरील मुख्य पंचाला त्याची उघड चूक किंवा नजरेतून निसटलेला गंभीर प्रकार कळवणारा पंच. ‘व्हीएआर’ ही आद्याक्षरे या पंचासाठी आणि त्या संपूर्ण पद्धतीसाठीही रूढ आहेत.

या पद्धतीची निकड चित्रवाणीनेच निर्माण केली. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल आणि २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या निर्णायक गोलाआधी तिएरी आँरीने हाताने अडवलेला चेंडू घरबसल्या प्रेक्षकांना स्पष्ट दिसला, पण पंचांना दिसला नाही. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू गोलरेषेच्या बराच आत पडूनही गोल नाकारला गेला, तेव्हा तंत्रज्ञानाला दीर्घकाळ विरोध करणारे, फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनाही भूमिका बदलावी लागली. २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. व्हीएआरचे प्रयोग मात्र नेदरलँड्समध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये डच चषकातील आयाक्स आणि विलेम दोन या संघांच्या सामन्यात व्हिडिओ पंचाच्या सल्ल्यावरून पिवळे कार्ड (ताकीद) बदलून लाल कार्ड (मैदानाबाहेर हकालपट्टी) दाखवण्यात आले, आणि मार्च २०१८ मध्ये ही पद्धती खेळाच्या नियमांत समाविष्ट झाली.

२०१८ च्या नियमांनुसार गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेले कार्ड या चारच बाबी तपासता येत असत. व्हिडिओ पंच सल्ला देतो. निर्णय मुख्य पंचाचाच राहतो. गरज वाटल्यास तो हातांनी हवेत आयत रेखाटून मैदानालगतच्या पडद्यावर घटना पुन्हा पाहतो.

खेळाडूंच्या वर्तनावर कॅमेऱ्याचा वचक व्हीएआरपेक्षा जुना आहे. १९९४ च्या विश्वचषकात इटलीच्या तासोत्तीने स्पेनच्या लुइस एनरिकेचे नाक कोपराने फोडले. पंचाने ते पाहिले नाही, पण चित्रणाच्या आधारे तासोत्तीवर आठ सामन्यांची बंदी आली. २०१४ मध्ये उरुग्वेच्या सुआरेझने इटलीच्या किएल्लिनीला चावा घेतला, तेव्हाही शिक्षा सामन्यानंतरच झाली. अशा शिक्षेत अन्याय झालेल्या संघाच्या पदरी काहीच पडत नाही, कारण सामना तोवर हातचा गेलेला असतो. व्हीएआरमुळे चेंडूपासून दूर मारलेले कोपर त्याच सामन्यात लाल कार्डास पात्र ठरू शकते, आणि हा या पद्धतीचा सर्वांत निर्विवाद लाभ म्हणावा लागेल. पंचाला फसवण्यासाठी मुद्दाम पडणाऱ्यांवर इंग्लंडच्या संघटनेने २०१७-१८ च्या हंगामापासून सामन्यानंतर चित्रण पाहून बंदी घालण्यास सुरुवात केली. तंत्रज्ञानाने गैरवर्तनाचा एक नवा प्रकारही जन्माला घातला : पंचापुढे वारंवार पडद्याची खूण करून तपासणीची मागणी करणे. त्यासाठी पिवळ्या कार्डाची तरतूद करावी लागली.

मोजता येणाऱ्या बाबतीत यंत्र भरवशाचे ठरले आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंचा सेकंदाला ५० वेळा माग घेत होते, त्यामुळे ऑफसाइडचा, म्हणजे चेंडू मिळताना खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीपुढे नियमबाह्य जागी होता का याचा, निर्णय जलद झाला. हँडबॉल (चेंडूला हात लागणे) हेतुपुरस्सर होता का, धक्का पेनल्टी देण्याइतका होता का, हे मात्र मोजता येत नाही. २०१८ च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचविरुद्ध पडदा पाहून दिलेल्या पेनल्टीवर म्हणूनच वाद झाला. शिवाय यंत्रामागची माणसे चुकतात ती वेगळीच. सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटेनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासचा वैध गोल ऑफसाइड ठरवला गेला होता. मैदानावर गोल दिलाच आहे अशा समजुतीने व्हिडिओ पंचाने ‘तपासणी पूर्ण’ असे कळवले आणि गोल नाकारलेलाच राहिला.

भारतात २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झालेल्या महिला आशिया चषकाच्या बाद फेरीत व्हीएआर वापरले गेले. मार्च २०२३ मध्ये इंडियन सुपर लीग या व्यावसायिक स्पर्धेत प्रतिस्पर्धी बेंगळुरू संघाच्या सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल दिल्याच्या निषेधार्थ केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, त्याला ४ कोटी रुपयांचा दंड झाला आणि व्हीएआरची मागणी पुन्हा जोर धरू लागली. तथापि फ्री किक शिट्टीविना घेऊ द्यायची की नाही, हा प्रश्न पंचाच्या अखत्यारीतला होता, आणि तो कॅमेऱ्याने सुटला असता असे म्हणणे कठीण आहे.