साधी दातकीड आणि शेकानंतरची दातकीड

पोळीचा तुकडा तोडताना मामांचा खालचा पुढचा दात हिरडीलगत मोडला. रक्त नाही, कळ नाही. तुकडा तळहातावर घेऊन ते म्हणाले, “अगं, दुखत तर काहीच नव्हतं!” तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास शेक म्हणतात, ते संपून तेव्हा दहा महिने झाले होते. घरात सगळ्यांनी ‘वय झालं, कीड लागली’ म्हणून सोडून दिलं. मीही.

साधी कीड दाढांच्या खाचांत, नाहीतर दोन दातांच्या फटीत सुरू होते. काळा ठिपका दिसतो, गोड-थंड लागलं की सणक जाते, आणि खड्डा पडायला बरेच महिने, कधी वर्षं लागतात. खालच्या पुढच्या दातांना ती सहसा लागत नाही, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच, जिभेखाली उघडतात. ते दात दिवसभर धुतले जातात.

शेकानंतरची कीड नेमकी याच दातांना धरते. हिरडीलगत दाताच्या मानेभोवती तपकिरी पट्टा फिरतो, चावायच्या कडा खरवडल्यासारख्या होतात आणि काही महिन्यांत दाताचा वरचा अख्खा भाग हिरडीलगत मोडून हातात येतो, मूळ आतच राहतं. बऱ्याचदा न दुखता. म्हणून ‘दुखलं की दाखवू’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे घात करतो.

यामागचं मुख्य कारण लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती अन्नाचे कण धुते, आम्ल मारते, दाताला कॅल्शियम परत देते. शेकात लाळग्रंथी होरपळल्या की तोंड कोरडं पडतं, आणि मग ज्या दातांवर किरण पडलेच नव्हते तेही किडतात. त्यात माणूस घसा ओला ठेवायला काय करतो? खडीसाखर, लिंबूगोळी, घोट घोट सरबत. मामांच्या उशाशी खडीसाखरेची डबी मीच भरून ठेवत होते. त्या जागी साध्या पाण्याची बाटली हवी होती.

पण सगळ्यांत मोठा फरक दात काढण्यात आहे. साध्या किडीत दात वाचत नसेल तर काढतात, आठवड्या-दोन आठवड्यांत जखम भरते. शेक घेतलेल्या जबड्याचा, विशेषतः खालच्या, रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथे दात उपटला तर जखम भरेलच असं नाही, हाड उघडं पडून मरू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर शक्यतो रूट कॅनाल करून मूळ तसंच ठेवतात. दात काढावाच लागला तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून घेतात.

खराब दात काढायची खरी वेळ शेकाच्या आधीची, किमान दोन-तीन आठवडे, म्हणजे जखम भरून येते. कॅन्सर कळल्यावर घर इतकं हादरलेलं असतं की दातांचं नाव काढायलाही लाज वाटते. तरी काढा. दातांच्या डॉक्टरांच्या त्याच भेटीत फ्लोराइड जेल भरून दातांवर बसवायचे साचे करून मागा. डॉक्टर सांगतील तसं रोज ते जेल लावायचं, नंतर अर्धा तास खायचं-प्यायचं नाही, आणि हे कायमचं. जोडीला लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या. मिश्री तर पूर्ण बंद. मामा तिला दात घासायची पावडरच समजत होते.

आता मामांच्या पाकिटात डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स असते. कोणत्या बाजूला किती शेक दिला, हे त्यावर लाल पेनाने अधोरेखित केलंय. दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसण्याआधी ते ती पुढे करतात.