लांब बोटं नसली तर गिटारवर मेटल (जड, दणदणीत रॉक) वाजत नाही? कोण म्हणालं!

आपल्या बेळगावात पोरगं गिटार घेऊन बसलं की कोणीतरी हात बघून म्हणतंच, "गिटार शिकूलालास? बोटं बघ की केवढी आखूड, मेटल नाही जमायचं तुला." टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत हे ऐकायला मिळतं आणि हे साफ चूक आहे.

ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी घ्या, मेटलचा पाया घालणारा माणूस. १९६५ साली १७ वर्षांचा असताना कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात काही गाण्यांना गिटार तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली उतरवली, कारण तारा सैल झाल्या की दाबायला कमी जोर लागतो. तो जड, काळोखा आवाज अजून जगभरचे बँड वापरतात! एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंग पण उंचीनं सव्वापाच फुटांच्या आतलाच, त्याचं कुठं अडलं?

खरं काम तर पिकवाल्या (तारा छेडायची चकती धरणाऱ्या) हाताचं. तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती पट्टी) तारांवर हलकी टेकवायची आणि पिक मारायचा, की तो दबका "चग-चग" येतो. हात जरा पुढं दांड्याकडं सरकला की सूर मरतो, मागं गेला की तारा मोकळ्या वाजतात. हे मेट्रोनोमवर (ठेका देणारं यंत्र) हळू वाजवूनच बसतं.

आणि बोट पोचत नसेल तर अंगठा नेकच्या (दांड्याच्या) मागं मधोमध घ्या, मनगट थोडं पुढं काढा, गिटारचा पट्टा आखूड करा.